डीबीत जागाच उरली नाही: ३२ अँपियरचा आरसीबीओ आणि गॅरेजमधला छोटा डीबी, एक परीक्षण

नाशिकच्या रो-हाउसमधल्या डीबीचं (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीचं) झाकण उघडलं की बहुतेक ठिकाणी सारखंच चित्र दिसतं. बारा मॉड्यूलची पेटी (एक मॉड्यूल म्हणजे सुमारे १८ मिलिमीटर रुंदीची जागा). डावीकडे ४० अँपियरची दोन पोलची (फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारी) मेन, तिला लागून ४० अँपियर, ३० मिलीअँपियरची आरसीसीबी (वीज अर्थकडे गळली, म्हणजे लीकेज झालं, की पडणारी; वायरमनच्या तोंडी अजूनही 'ईएलसीबी'च), मग दोन एसींच्या दोन-दोन पोलच्या एमसीबी (ओव्हरलोड-शॉर्ट सर्किटला पडणारे स्विच), गिझरची एक, स्वयंपाकघराची एक, लाइट-पंख्याच्या दोन. बाराच्या बारा भरले. सातपूर नाहीतर अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस पार्किंगला शटर लावतो, बेंच ग्राइंडर, ड्रिल मशीन, कॉम्प्रेसर आणि एखादा इन्व्हर्टर वेल्डिंग सेट मांडतो, आणि वायरमन डीबीकडे बघून सांगतो, "जागा नाही, अख्खा डीबी बदलावा लागेल."

भिंत फोडून डीबी बदलायची वेळ क्वचितच येते. जुन्या डीबीत फक्त दोन मॉड्यूल मोकळे करायचे, तिथे ३२ अँपियरचा, ३० मिलीअँपियरचा, दोन मॉड्यूल रुंदीचा आरसीबीओ (एमसीबी आणि आरसीसीबी एकातच) बसवायचा आणि गॅरेजमध्ये वेगळा छोटा डीबी लावायचा. इथे परीक्षण आहे ते या जोडीचं. लेग्रांड, श्नायडर, एबीबी, हॅवेल्स, हॅगर यांपैकी कोणाचाही माल घेतला तरी पुढचे निकष तेच राहतात, म्हणून एका कंपनीची बाजू घेतलेली नाही.

आधी वीज किती आहे ते पाहा, कारण मोकळे मॉड्यूल आणि मोकळे अँपियर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' किलोवॅटमध्ये छापलेला असतो आणि मीटरच्या पाटीवर ५-३० किंवा १०-६० अँपियर असं लिहिलेलं असतं. ५-३० चं मीटर आणि तीन किलोवॅटचा मंजूर भार असेल, तर डीबीत कितीही जागा केली तरी उपयोग नाही. आधी भार वाढवून घ्या. दीड टनाचे दोन एसी मिळून सुमारे तीन किलोवॅट, गिझर दोन, गॅरेज तीन, बाकी घर एक, अशी बेरीज नऊ किलोवॅटवर जाते, म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ४० अँपियर. सगळं एकदम चालत नाही हे खरं, पण मे महिन्यात दुपारी दोन्ही एसी सुरू असताना कॉम्प्रेसर चालवायचाच असेल तर थ्री फेजचा विचार करावा. आणि गॅरेजमध्ये छंदापुरतं काम न होता धंदा सुरू झाला, तर घरगुती दर लागू राहीलच असं नाही, हेही आधीच लक्षात घ्या.

आता दोन मॉड्यूल मोकळे कसे करायचे ते पाहू.

सगळ्यात सोपी जागा एसींच्या एमसीबींत दडलेली असते. एसपीएन (सिंगल फेजच्या) डीबीत एसीला दोन पोलची एमसीबी द्यायची पद्धत पडली आहे, पण एसीजवळ भिंतीवर स्वतंत्र दोन पोलचा स्विच किंवा एसी बॉक्स असेल, तर डीबीतली एमसीबी एक पोलची चालते. फेज एमसीबीतून, न्यूट्रल न्यूट्रल-लिंकवर (सगळ्या न्यूट्रल जोडायच्या पट्टीवर). दोन एसींचे दोन मॉड्यूल सुटतात आणि खर्च फक्त दोन एमसीबींचा येतो. एक पथ्य पाळायचं: त्या न्यूट्रल आरसीसीबीच्या पुढच्या, म्हणजे तिच्यातून बाहेर पडलेल्या, लिंकवरच जायला हव्यात. मागच्या लिंकवर गेल्या, तर एसी सुरू होताच घराची आरसीसीबी पडेल आणि दोष बिचाऱ्या एसीच्या मेकॅनिकला लागेल. शिवाय एसीची सर्व्हिसिंग करताना यापुढे डीबीतली एमसीबी बंद करून भागत नाही, एसीजवळचा दोन पोलचा स्विचही बंद करावा लागतो. नाहीतर उघडी न्यूट्रल बॉडीला टेकली तरी आरसीसीबी पडते.

दुसरी जागा मेलेल्या सर्किटांची. बोअरचा जुना पंप, काढून टाकलेल्या इन्व्हर्टरची इनपुट लाइन, सोलर आल्यावर कधीच न लावलेला गिझर. सोलरच्या टाकीत पावसाळ्यासाठी विजेचा हीटर असतो आणि त्याची लाइन नेमकी त्याच एमसीबीवर असू शकते, म्हणून "सोलर आहे, गिझरची एमसीबी काढा" असं घाईनं करू नका. शंका असलेली एमसीबी आठवडाभर बंद ठेवून बघा. कोणी ओरडलं नाही, तर सगळ्या खोल्यांत टेस्टर फिरवून मगच तार सोडवा, आणि सोडवलेल्या तारेच्या दोन्ही टोकांवर टोपी घाला.

तिसरी, लाइटची सर्किटं एकत्र करणं. नऊ वॅटचे दहा एलईडी आणि पंचाहत्तर वॅटचे चार पंखे मिळून चारशे वॅटसुद्धा होत नाहीत, म्हणजे दोन अँपियरच्या आतच. भाराच्या दृष्टीनं दोन सर्किटं एका १० अँपियरच्या एमसीबीवर आरामात बसतात. तरी एका लाइट सर्किटवर दहा पॉइंट किंवा ८०० वॅट ही जुनी शिस्त शक्यतो मोडू नये, कारण फॉल्ट आला की अर्धं घर अंधारात जातं. एकत्र करायचंच ठरलं, तर दोन तारा एमसीबीच्या एकाच क्लॅम्पमध्ये कोंबू नका. जाड तार क्लॅम्प उचलून धरते, बारीक तार सैल राहते आणि दोन वर्षांनी तिथे काळा डाग पडतो. दोन्ही तारा लीव्हरच्या कनेक्टरमध्ये जोडून एकच तार एमसीबीत न्या.

पेटीत व्होल्टमीटर किंवा इंडिकेटर दिवा बसवलेला असेल तर तो बिनधास्त काढा, एक-दोन मॉड्यूल फुकट मिळतात. सर्ज अरेस्टर मात्र हलवू नका. मे-जूनमध्ये वळवाच्या पावसाबरोबर विजा पडतात, तेव्हा टीव्ही आणि एसीचा पीसीबी तोच वाचवतो.

काही जण सुचवतात की मेन आणि आरसीसीबी दोन्ही काढून त्या जागी ४० अँपियरचा एकच आरसीबीओ लावा, म्हणजे दोन मॉड्यूल सुटतील. हिशेब बरोबर आहे, सल्ला वाईट आहे. गॅरेजची लाइन घराच्या लीकेज संरक्षणापासून वेगळी ठेवायची असेल तर ती मेन आणि आरसीसीबीच्या मधून काढावी लागते, आणि हा 'मधला' भागच या उपायात नाहीसा होतो. मग ग्राइंडरच्या आर्मेचरमध्ये ओल गेली की वरच्या मजल्यावरचा वायफायसुद्धा बंद.

अमेरिकन व्हिडिओ पाहून कोणी दुकानात 'टँडम ब्रेकर' मागतात. एका खाचेत दोन ब्रेकर बसवण्याची ती सोय त्यांच्या १२०/२४० व्होल्टच्या, बसबारवर दाबून बसवायच्या पॅनेलसाठी आहे. आपल्या ३५ मिलिमीटरच्या डिन रेलवर तिचा काही उपयोग नाही. आपल्याकडे जवळचा पर्याय म्हणजे एकाच मॉड्यूलमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी १पी+एन एमसीबी. चांगली वस्तू आहे, पण दुकानात हाताशी नसते, मागवावी लागते, आणि घेताना तोडक्षमता (शॉर्ट सर्किटचा किती प्रवाह तोडू शकते) ६ किलोअँपियर की ४.५, हे छापील आकड्यात पाहून घ्यावं.

आता मुख्य वस्तू, आरसीबीओ.

दोन मॉड्यूलची रुंदी म्हणजे सुमारे ३६ मिलिमीटर. ओव्हरलोड, शॉर्ट सर्किट आणि लीकेज ही तिन्ही संरक्षणं त्यात बसतात. जुन्या पद्धतीनं हेच काम एमसीबी अधिक आरसीसीबी करते आणि चार मॉड्यूल खाते, म्हणून जागेच्या दृष्टीनं ही वस्तू अव्वल. काही आरसीबीओ रुंद असतात, तेव्हा ऑनलाइन मागवताना मॉड्यूलची संख्या वाचा. फोटोवरून अंदाज चुकतो.

घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, सी कर्व्ह (किती मोठ्या झटक्याला ताबडतोब पडायचं, त्याचा वर्ग). दोन हॉर्सपॉवरचा सिंगल फेज कॉम्प्रेसर चालताना दहा अँपियरच्या आसपास घेतो, सुरू होताना त्याच्या पाच-सहा पट, म्हणजे साठपर्यंत. उदाहरणार्थ, बी कर्व्हची १६ अँपियरची एमसीबी ४८ ते ८० अँपियरच्या पट्ट्यात चुंबकीय ट्रिप होते, म्हणजे थंडीच्या सकाळी कॉम्प्रेसर सुरूच होणार नाही अशी दाट शक्यता. सी कर्व्हचा पट्टा ८० ते १६०, तिथे अडचण येत नाही. दुसरी, ए टाइप (कोणत्या तऱ्हेचं लीकेज ओळखतो, त्याचा वर्ग). एसी टाइप स्वस्त पडतो आणि सगळीकडे तोच विकला जातो, पण इन्व्हर्टर वेल्डिंग सेट आणि वेग बदलणाऱ्या मशिनांतून फुटकी डीसी लीकेज येते. ती असताना एसी टाइप मंद होतो, कधी कधी पडतच नाही. तिसरी, दोन्ही पोल तोडणारा. चौथी गोष्ट फारसं कोणी विचारत नाही: तो इलेक्ट्रोमेकॅनिकल आहे की इलेक्ट्रॉनिक. इलेक्ट्रॉनिक आरसीबीओला लीकेज ओळखायला स्वतःला वीज लागते. वरची न्यूट्रल तुटली तर फेज जिवंत राहतो आणि आरसीबीओ मुका होतो. पावसाळ्यात खांबावरची न्यूट्रल सैल होणं आपल्याकडे नवीन नाही. पत्रकात 'व्होल्टेज इंडिपेंडंट' असं छापलेलं पाहूनच घ्या.

तारांची जोडणी इथे काळजीची आहे. आरसीबीओला पुरवठा मेनच्या खालच्या टर्मिनलवरून घ्यायचा, म्हणजे त्या टर्मिनलमध्ये आता दोन तारा येतात: एक आरसीसीबीकडे, एक आरसीबीओकडे. दोन्ही १० स्क्वेअरच्या (चौरस मिलिमीटरच्या) लवचीक तांब्याच्या, दोघींना मिळून एक जुळी फेरूल (टोकावरची धातूची नळी) क्रिंप केलेली. मेनच्या पत्रकात एका क्लॅम्पमध्ये किती स्क्वेअरची तार चालते ते पाहा. बसत नसेल तर आरसीसीबीच्या वरच्या टर्मिनलवरून पुढे उडी घ्या. आरसीबीओ आरसीसीबीच्या अगदी शेजारी बसवा, बाकी एमसीबी उजवीकडे सरकवा, आणि घराच्या एमसीबींना जोडणारा, कंगव्यासारख्या दातांचा बसबार आरसीबीओला शिवणार नाही इतका कापा. कापलेल्या टोकावर प्लास्टिकची टोपी हवीच. ती विसरली की नंतर कधीतरी एखादा स्क्रू खाली पडतो आणि उजेड होतो, नको तिथे.

बसबारचा दात क्लॅम्पच्या मागे गेला तर स्क्रू घट्ट लागतो, पण पकड शून्य असते. स्क्रू आवळल्यावर बसबार हातानं ओढून पाहा. टॉर्क साधारण २ ते २.५ न्यूटन-मीटर, नेमका आकडा एमसीबीच्या अंगावर किंवा पत्रकात असतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या एमसीबींची टर्मिनलं एका उंचीवर नसतात, म्हणून एका बसबारवर एकाच कंपनीचा माल ठेवा. जुना बोर्ड एल अँड टीचा असेल, तर तोच माल आता लॉरिट्झ नुडसेन नावानं मिळतो.

आरसीबीओतून निघालेली न्यूट्रल घराच्या न्यूट्रल-लिंकला अजिबात लावायची नाही. फेज आणि न्यूट्रल दोन्ही सरळ गॅरेजच्या डीबीकडे. नव्या सर्किटवर मशीन लावताच आरसीबीओ पडतो अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा हीच चूक निघते.

३२ अँपियर हा छापील आकडा ३० अंश तापमानाचा असतो. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि पश्चिमेच्या भिंतीतल्या बंद पेटीत त्याहून वर जातो. ५० अंशांना तोच आरसीबीओ २८-२९ अँपियरचाच समजावा. म्हणून एका वेळी कॉम्प्रेसर किंवा वेल्डिंग, दोन्ही नाही. वेल्डिंगचा हिशेबही माहीत असू द्या: २.५ मिलिमीटरची रॉड ८०-९० अँपियरवर चालवली तर साधा इन्व्हर्टर सेट लाइनमधून सुमारे १६ अँपियर ओढतो, ३.१५ ची रॉड १२० वर चालवली तर वीसच्या वर जातो. '२०० अँपियर' लिहिलेला सेट पूर्ण चढवण्याचा मोह या लाइनवर नको.

घरापासून गॅरेजपर्यंत तार ६ स्क्वेअरची, तांब्याची, कन्ड्यूटमधून. वेगळी हिरवी अर्थिंगची तारही ६ स्क्वेअरचीच. अठरा मीटर अंतराला २५ अँपियरवर व्होल्टेज साडेतीन व्होल्टच्या आत पडतं, कॉम्प्रेसर सुरू होताना आठेक व्होल्ट. हीच लाइन २.५ स्क्वेअरची ओढली, तर सुरुवातीच्या धक्क्याला एकोणीस-वीस व्होल्ट पडतात. मोटर गुरगुरते, वेग घेत नाही, कपॅसिटर जातो. शिवाय ३२ अँपियरच्या आरसीबीओखाली २.५ ची तार म्हणजे तारच फ्यूज झाली. "अडीचची चालते हो" असं म्हणणाऱ्याला हे दोन आकडे दाखवावेत.

गॅरेजमधला डीबी आठ वेचा, भिंतीवर बसणारा घ्या. 'आठ वे' हा शब्द फसवा आहे: काही कंपन्या इनकमरचे (आत येणाऱ्या लाइनच्या स्विचचे) दोन मॉड्यूल धरून मोजतात, काही सोडून. प्रत्यक्ष रेलवरची मॉड्यूल मोजा. आज सहा वापरात येतील, दोन राखीव ठेवा, नाहीतर तीन वर्षांनी हेच रडगाणं पुन्हा. घरात वापरतात तो एका दाराचा डीबी गॅरेजला नको. ग्राइंडरची लोखंडी भुकटी टर्मिनलांवर बसते, पावसाळ्यात दमट होते आणि फेज-न्यूट्रलमधून वीज रांगायला लागते. आयपी ५४ (धूळ-पाणी अडवण्याचा दर्जा) किंवा त्याहून चांगली, पारदर्शक दाराची पेटी घ्या, तारा खालून ग्लँडमधून आत घ्या, वरून कधीच नाही. सुतारकाम करणाऱ्यांनी तर यात काटकसर करूच नये. लाकडाचा भुसा पेटतो.

आत काय बसवायचं? इनकमर म्हणून ४० अँपियरचा दोन पोलचा आयसोलेटर (नुसता बंद-चालू करायचा स्विच). इथे एमसीबीची गरज नाही, संरक्षण घरातल्या आरसीबीओकडे आहे. मग १६ अँपियर सी कर्व्हच्या दोन, बेंचवरच्या सॉकेटांसाठी. २० अँपियर सी कर्व्हची एक, कॉम्प्रेसर आणि वेल्डिंगसाठी, तिच्यावर निळा औद्योगिक थ्री-पिन प्लग-सॉकेट. घरगुती १६ अँपियरचं सॉकेट वेल्डिंगच्या भारानं पिवळं पडतं. शेवटी लाइट-पंख्याला ६ अँपियरची. प्रत्येक रिकाम्या वेवर ब्लँक पट्टी.

या मांडणीची खरी खोट एकच. गॅरेजमध्ये लीकेज झालं की आरसीबीओ घरात पडतो आणि गॅरेजचे दिवेही जातात. फिरत असलेल्या करवतीसमोर अचानक अंधार म्हणजे बोटांशी गाठ. म्हणून एक दिवा तरी घराच्या लाइट सर्किटवरून ओढून घ्या, किंवा बॅटरीचा इमर्जन्सी दिवा कायमचा लावा. काही जण यावर उपाय म्हणून गॅरेजच्या डीबीत ३० मिलीअँपियरची आरसीसीबी लावतात आणि घराच्या डीबीत साधी ३२ अँपियरची दोन पोलची एमसीबी. दिसायला सोयीचं, पण घरांत अर्थिंग आपल्याच खड्ड्यावर असतं. खड्ड्याचा रोध पाच ओहम धरला तरी मधल्या १८ मीटर तारेत फेज अर्थला लागला तर ४६ अँपियरच वाहतील, आणि ३२ ची एमसीबी त्याला लवकर दाद देणार नाही. मधली लाइन संरक्षणाविना राहते. हे करायचंच असेल तर घराच्या बाजूला १०० किंवा ३०० मिलीअँपियरची, 'एस' खुणेची उशिरा पडणारी आरसीसीबीही हवी, म्हणजे आणखी दोन मॉड्यूल. जागा असेल तर तीच मांडणी उत्तम. नसेल तर उठून घरात जाण्याचा त्रास परवडतो.

घरगुती वस्तूंच्या दुकानात ए टाइप आणि एस टाइप विचारलं तर बऱ्याचदा कोरा चेहरा दिसतो. औद्योगिक वसाहतींना माल पुरवणाऱ्या स्विचगिअरच्या विक्रेत्यांकडे विचारा, तिथे कॅटलॉग नंबर सांगितला की मागवून देतात. आरसीबीओची किंमत साध्या एमसीबीच्या कितीतरी पट आहे, हे मान्य. तरीही भिंत फोडणं, नवा मोठा डीबी, प्लास्टर आणि रंग यांच्या बेरजेपेक्षा ही जोडी स्वस्तच पडते, आणि घर दिवसभर अंधारात राहत नाही.

काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या. मेन बंद केली तरी मेनच्या वरच्या टर्मिनलवर मीटरकडची वीज जिवंतच असते. काम संपल्यावर त्याच्यासमोरच या चाचण्या मागा: आरसीबीओचं 'टी' बटण दाबल्यावर पडतो का; घराची आरसीसीबी पाडल्यावर गॅरेज चालू राहतं का; गॅरेजचा आरसीबीओ पाडल्यावर घर चालू राहतं का; कॉम्प्रेसर सलग तीनदा सुरू केला तर काही पडतं का. अर्धा तास वेल्डिंग केल्यावर सगळं बंद करून टर्मिनलांजवळ हात नेऊन पाहा, एखादं बाकीच्यांपेक्षा गरम लागत असेल तर तो स्क्रू पुन्हा आवळायचा. 'टी' बटण फक्त यंत्रणा तपासतं, अर्थिंग नाही. खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरनं वेगळा मोजून घ्या, आणि तोही एप्रिलमध्ये, माती कोरडी असताना.